गरम कोब्याखाली

गुरुवार, ८ मे

आज सकाळी कोणी यायच्या आत मी पालेगावला पोहोचलो, दारात चपला काढल्या आणि बनूबाईंच्या हॉलची सगळी जमीन एकट्याने झाडून काढली. मग ओल्या फडक्याने पुसली. वाळल्यावर अनवाणी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाललो. तळव्याला एक खडा लागला. तो उचलून बाहेर टाकला. पाइपाखाली खडा राहिला तर तो वर्षानुवर्षं त्याच जागी टोचत राहतो आणि वरून काही कळत नाही.

बनूबाई आल्या तेव्हा माझ्या हातात केरसुणी होती. त्या म्हणाल्या, "झाडायला बायका हायेत ना रं सुदाम. तू मिस्त्री हायेस." मी म्हणालो, मावशी, हे मिस्त्रीचंच काम आहे.

गावच्या शाळेत गुरुजींनी रोज चार ओळी लिहायची सवय लावली होती. ती मोडून कितीतरी वर्षं झाली. आज पुन्हा सुरू करतो, कारण हे माझ्या नावावरचं पहिलं काम आहे. इतकी वर्षं मी एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कारखान्यात पाइपफिटर होतो. तिथे पावडर वाळवायची खोली होती. तिच्या जमिनीखालून गरम पाणी फिरायचं. त्या खोलीची देखभाल माझ्याकडे होती. मार्चमध्ये नोकरी सोडली ती याच कामाच्या भरवशावर.

बनूबाई आणि त्यांच्या गटातल्या बायका उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्याला पापड करून देतात. उन्हाळ्यात पापड गच्चीवर वाळतात. पावसाळ्यात वाळत नाहीत, मग चार महिने लाटणी भिंतीला टांगलेली. व्यापारी म्हणतो, यंदा मृग लागल्यावरही माल हवा, नाही तर मी दुसरीकडे बघतो. म्हणून हा हॉल आणि म्हणून हा गरम कोबा. कोबा ओतायचं मशीन रविवारी, अठरा तारखेला येणार. ती तारीख चुकली तर पुढची पाळी जूनच्या मध्यावर. शिवाय कोबा मुरायला तीन आठवडे जातात. तेव्हा अठरा तारीख म्हणजे अठराच.

शुक्रवार, ९ मे

आज खालचा थर. यात थंड पाण्याचे पाइप आणि विजेच्या वायरींच्या नळ्या येतात. त्यावर थर्माकोल, त्यावर गरम पाण्याचे पाइप आणि सगळ्यांवर कोबा.

नळ्यांचं काम जितेशकडे आहे. तो बनूबाईंचा पुतण्या, इलेक्ट्रिशियन, पस्तिशीचा. हात चलाख, तोंड त्याहून. पॅकिंगच्या मशीनची नळी तो खोलीच्या मधून तिरकी नेत होता. मी म्हणालो, भिंतीच्या कडेने सरळ ने आणि काटकोनात वळव. उद्या कोणी इथे ड्रिल मारला तर सरळ नळी कुठे असेल ते त्याला समजेल. तिरकी समजणार नाही. शिवाय तिरकी नळी पाइपावर चढते, तिथे उंचवटा येतो, थर्माकोल हलतो, आणि वरचा कोबा तिथे पातळ पडून तडकतो.

जितेश म्हणाला, "काका, कोब्याखाली कोण बघतंय? वरून तर सगळं सपाट." मी पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा उठला आणि काढून सरळ टाकायला लागला, पण जाता जाता बायकांना ऐकू जाईल असं बोललाच, "हे पाइपफिटर नाय, पाइपांचे हेडमास्तर हायेत." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मलाही हसू आलं.

दोरीला नीळ लावून आम्ही रेघा मारल्या आणि रेघेवर नळ्या बसवल्या. दोन पाइपांमध्ये सगळीकडे चार बोटं अंतर. एकावर एक कुठेच नाही. संध्याकाळी जितेश स्वतःच मोबाइलवर फोटो काढत होता. मी बघितलं नाही असं दाखवलं.

रविवार, ११ मे

काल थर्माकोल, प्लास्टिकचा कागद आणि जाळी झाली. आज गरम पाण्याचे पाइप. पाण्याचे चार फेरे आहेत. प्रत्येक फेरा भिंतीवरच्या पेटीतून निघतो, हॉलचा आपला भाग नांगरल्यासारखा फिरतो आणि परत पेटीत येतो. पेटी ते पेटी एकच अखंड पाइप. कोब्याखाली सांधा द्यायचा नाही, हा माझा नियम. हा मी कारखान्यातले माझे फोरमन श्यामकांत यांच्याकडून शिकलो. ते म्हणायचे, सांधा ही आशा असते, अखंड पाइप ही खात्री.

दुपारी पाणी भरून दाब दिला. दाब मोजायच्या घड्याळाचा काटा सहावर आणला. दिवेलागणीपर्यंत तो सहावरच होता. मी बराच वेळ उंबऱ्यात नुसता उभा राहिलो. पांढरे पाइप वीतभर अंतराने आखलेल्या पाटीसारखे दिसत होते. आठवड्याने हे कोणाला दिसणार नाही. त्याचं वाईट वाटत नाही. मी पाहिलं आहे.

बनूबाई बाहेर थांबल्या होत्या. पाइपांवर पाय पडेल म्हणून त्यांनी विचारलं, आत येऊ का. आमच्या गावी आमच्या हातची भिंत चालायची, हात चालायचे नाहीत. इथे मालकीण स्वतःच्या घरात यायला मला विचारत होती. मी म्हणालो, या मावशी, पण पाइप धरणाऱ्या पट्ट्यांच्या मधे पाय ठेवा. त्या सगळीकडे फिरल्या. बाहेर चिंचेचं झाड आहे त्या कोपऱ्यात जरा जास्त वेळ थांबल्या. विचारलं, हा कोपरा आता बंदच होणार का, आणि उद्या मी येणार का. मी म्हणालो, उद्या बुद्धपौर्णिमा, उद्या सुट्टी. त्या म्हणाल्या, बरा झाला, एक दिवस आराम कर. फार काळजी करतात.

सोमवार, १२ मे, वैशाख पौर्णिमा

सकाळी माझी बायको संध्या आणि मी पांढरे कपडे घालून विहारात गेलो. त्रिशरण, पंचशील. मेणबत्ती लावली. भंतेजी सम्यक आजीविकेवर बोलले. माणसाने पोट कशावर भरावं, याचाही धम्मात विचार आहे. मला पांढऱ्या पाइपांच्या रेघा आठवत होत्या. वंदनेत मन भटकू नये, पण भटकून तिथे गेलं तर फार बिघडलं नसावं.

दुपारी जितेश मोटरसायकलवरून डबा देऊन गेला. बनूबाईंनी पाठवलेला. पुरणपोळी, वरणभात, शिरा, वर केळीचं पान. घाईत होता, पाणीही घेतलं नाही. मला भरून आलं. आपल्या सणाची आठवण ठेवून त्या बाईने पुरण घातलं. संध्या डबा उघडून थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढं सगळं आपल्यासाठी केलं असेल का?" मी म्हणालो, मग कोणासाठी?

मंगळवार, १३ मे

काटा साडेचारवर आहे.

पहिल्यांदा वाटलं, घड्याळ बिघडलं. दुसरं लावलं. तेही साडेचार. पेटीतले सगळे सांधे आवळले, दाब पुन्हा सहावर नेला. संध्याकाळी पाच.

जाळीवरून ओणवा होऊन सगळे पाइप पाहिले. कुठे थेंब दिसत नाही. चिंचेकडच्या कोपऱ्यात पाइप धरणाऱ्या दोन पट्ट्या उलट्या बसल्या आहेत. अशी चूक मी करत नाही, पण रविवारी उन्हाने डोकं तापलं होतं. तिथेच प्लास्टिकच्या कागदावर हळदीचा डाग आहे. पापडाचा मसाला कुटणाऱ्या बायकांपैकी कोणीतरी हात टेकला असेल. पुसून काढला.

बनूबाई आज हॉलकडे आल्या नाहीत. चहा दुसरीच्या हातून आला.

बुधवार, १४ मे

फेऱ्यांचे कॉक एकेक करून बंद केले. तीन फेरे ठीक आहेत. तिसऱ्यात गळती आहे. चिंचेकडून जातो तो.

याच फेऱ्यातून काल परवा जितेशने एक बारीक नळी वर आणली आहे. तिच्यात जमिनीची उष्णता मोजणारी वायर येते. दोन पाइपांच्या मधे त्याने तिला खिळे मारले आहेत. माझ्या डोक्यात तेच बसलं. सगळ्यांसमोर बोललो की तुला पाइपाला खिळा लावायचा होता तर आधी सांगायचंस. तो म्हणाला, मी बोटाने चाचपून खिळे मारलेत. मी म्हणालो, चाचपून होत नाही, बघून होतं. त्याने नळी उपटली, चारही खिळे काढून माझ्या हातात दिले आणि दाखवलं. खिळ्यांच्या खाली पाइप नव्हताच. थर्माकोलच होता.

मी चुकलो होतो, पण तिथेच म्हणायला जीभ उचलली नाही. तो गाडीला किक मारून गेला.

गुरुवार, १५ मे

आज काही लागलं नाही. काटा हळूहळू खाली येतो.

संध्या म्हणाली, पाइपाचं काही असेल तर बनूबाईंनाच विचारा ना. मी म्हणालो, त्यांना पाइपातलं काय कळतं. ती म्हणाली, "पाइपातलं नाही हो. घरातलं." मला तिचं म्हणणं समजलं नाही. तिनेही पुढे सांगितलं नाही, भाकरी उलटत राहिली.

मनात येतं, कारखान्यात माझ्यामागे मोठी यंत्रणा होती, म्हणून मी चांगला फिटर होतो. एकटा पडल्यावर कळलं माझं पाणी किती. तीन दिवस उरले. अठ्ठावीस बायकांची लाटणी या एका फेऱ्यावर टांगली आहेत आणि माझं नावही.

शुक्रवार, १६ मे

सापडलं.

सकाळी तिसऱ्या फेऱ्यातलं पाणी काढून त्यात हवा भरली आणि ब्रशने साबणाचं पाणी लावत लावत निघालो. चिंचेकडच्या वळणावर पाइपाच्या खालच्या अंगाला बुडबुडे आले. पट्ट्या काढून पाइप उचलला. तिथे मुरड पडली होती. कोणीतरी तो पट्ट्यांतून ओढून काढला होता, वाकवून बाजूला धरला होता आणि परत बसवला होता. जाळीखालचा कागद आणि थर्माकोलचा तुकडाही कापून परत ठेवलेला. तो उचलला तर खालच्या जमिनीत ताटाएवढा नव्या सिमेंटचा गोल. कडेला कुंकू आणि तांदळाचे दाणे.

मी तिथेच बसलो. हळद, पुरणाचा डबा, उद्या येशील का, सगळं एकदम समजलं. संध्याला सोमवारीच समजलं होतं.

मागे बनूबाई उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही. मी काही विचारायच्या आत त्याच बोलल्या. "वास्तूचा हाय तो. आग्नेयेला पुरतात. कोबा झाल्यावर तू खणू दिला नसतास. म्हणून पौर्णिमेला उरकला. गवंडी बोलला, पाइप बाजूला करून परत ठेवतो, काय व्हत नाय."

"मला का नाही सांगितलंत?"

त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्यात ह्या करत नाय. मना वाटला, तुला राग येईल. नाय तर तू हो बोलशील आणि मनातून दुखशील. कसा सांगू?"

मी त्या गोलाकडे बघत होतो. त्याचा त्यांनी वेगळा अर्थ घेतला. बाहेर गेल्या आणि छोटी पहार घेऊन आल्या. "काढते मी. तुझा काम मोठा हाय. देवाला मी सांगेन काय ते." आणि खरोखरच त्या गोलापाशी बसल्या.  मी पहार त्यांच्या हातातून घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली. तांब्याची प्रतिमा पुरल्याने घर उभं राहतं, हे मी मानत नाही. घर पायावर उभं राहतं. पण या बाईने ती हात जोडून तिथे ठेवली आहे आणि माझ्या पाइपासाठी उपटायला निघाली आहे. ते मला सोसणार नव्हतं.

मला दुसरीच गोष्ट लागली. मी त्यांच्या जमिनीत आठवडाभर काम केलं. विजेचे पॉइंट कुठे हवेत ते विचारलं, नळ कुठे हवा ते विचारलं, मशीन कुठे ठेवणार ते विचारलं. या जमिनीत तुम्हाला स्वतःला काही ठेवायचं आहे का, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर कोपरा सोडून पाइप नेला असता. गळती तीन दिवस मी आधी माझ्या हातात शोधली आणि मग जितेशच्या.

जितेशला बोलावून घेतलं. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोरच म्हणालो, माझं चुकलं. तो लाजला. म्हणाला, सोडा काका, हेडमास्तरांनी माफी मागितली तर शाळेला सुट्टी द्यावी लागेल. मग मुरड बघून म्हणाला, "एवढंच ना? तेवढा तुकडा कापा, टोकं जोडायला पितळी कपलर टाका. दहा मिनिटांचं काम. परवा मशीन येतंय." बायकाही तेच म्हणायला लागल्या. बनूबाई माझ्याकडे बघत होत्या.

कपलर चांगले असतात. पाच वर्षं काही होत नाही, कदाचित पंधरा. पण तो गळला तर नेमका त्या गोलाच्या वर गळेल आणि तो शोधायला कोबा फोडावा लागेल, तोही पावसाळ्यात आणि त्यांच्या वास्तूच्या डोक्यावर. तेव्हा लोक काय म्हणतील तेही मला माहीत आहे. म्हणतील, बनूबाईंची वास्तू बाधली. किंवा म्हणतील, त्या सुदामला मुद्दाम तिथेच सांधा द्यायचा होता.

मी म्हणालो, उद्या सांगतो.

घरी येऊन हे लिहितो आहे. तिसरा फेरा पूर्ण काढून नवा टाकायचा म्हणजे पाइपाचं नवं भेंडोळं हवं आणि काढणं, टाकणं, दाब बघणं सगळं उद्या एका दिवसात. हे मी कोब्यासाठी करणार की माझ्या नावासाठी, असं स्वतःला विचारलं. दोन्ही असावं. नावाचा मोह सुटलेला नाही. पण या वेळी मोह आणि बरोबर गोष्ट एकाच बाजूला आहेत, तर मोहाशी भांडत कशाला बसू?

शनिवार, १७ मे

दुकान उघडायच्या आधी उल्हासनगरला पाइपवाल्या चंदरशेठच्या दारात उभा होतो. शटर वर करता करता त्यांनी विचारलं काय हवंय. सांगितलं. ते म्हणाले, "अरे सुदाम, कपलिंग ले जा ना. इतनी छोटी चीज है." मी म्हणालो, शेठ, भेंडोळंच द्या. ते आत जाता जाता पुटपुटले की कारखान्याने या माणसाला बिघडवून ठेवलंय. पण माल उत्तम दिला आणि टेम्पोत चढवायला स्वतः हात लावला.

पालेगावला पोहोचलो तर दारात सगळ्या बायका उभ्या. जितेशने आधीच तिसऱ्या फेऱ्याच्या पट्ट्या काढून ठेवल्या होत्या. मी काय करणार हे त्याला न सांगताच कळलं होतं. म्हणाला, तुम्ही कपलर आणणार नाय हे मना कालच माहीत होता, कपलर आणला असतात तर मीच रागावलो असतो.

भेंडोळं ओढून सोडायचं नसतं. ओढलं की पाइप पिळतो. चाकासारखं उभं धरून लोळवत न्यायचं, म्हणजे पाइप स्वतः जमिनीवर निजत जातो. हे मी दोघी बायकांना एकदाच दाखवलं. पापड लाटणारे हात ते. त्यांना दाब केवढा द्यायचा हे शिकवावं लागत नाही. एक म्हणाली, लाटणं गेला आणि चाक हाती आला. दुसरी म्हणाली, नवऱ्याला असंच लोळवायला मिळाला असता तर बरा झाला असता. मी मान खाली घालून पट्ट्या दाबत होतो. मागून जितेश आणि दोघी रेघ बघत होते.

चिंचेकडे आलो तेव्हा बनूबाईंना हाक मारली. म्हणालो, मावशी, किती जागा सोडू ते तुम्ही दाखवा. त्या खाली बसल्या आणि बोटाने त्या गोलाभोवती रेघ काढली, जरा लांबून, जशी ताटाभोवती काढतात. मी त्या रेघेबाहेरून पाइप वळवला. वळण मोठं घेतलं, मुरड पडायला जागाच नको.

पुढे जेवण झालं, ते कसं झालं आठवत नाही. दिवस मावळायच्या सुमारास पाइपाचं दुसरं टोक पेटीत शिरलं. पाणी भरलं. काटा सहा.

कोणी घरी गेलं नाही. सगळ्या उंबऱ्याबाहेर बसून काट्याकडे बघत होत्या. बनूबाईंनी चहा आणला तो स्वतःच्या हाताने. मी आत होतो आणि त्या पट्ट्यांच्या मधे पाय ठेवत माझ्यापर्यंत आल्या. कप देताना म्हणाल्या, "तो कोपरा थंड राहील ना रं?" मी म्हणालो, राहील. तिथे पापड पसरू नका. त्या म्हणाल्या, "तिथं कोण पसरंल."

रविवार, १८ मे

सकाळी घरी वंदना केली. पालेगावला पोहोचलो तर बनूबाईंनी मशीनसमोर नारळ फोडला होता. मला खोबऱ्याचा तुकडा दिला. मी खाल्ला.

काटा सहावर होता. रात्रभर होता. कोबा ओतताना पाइपांत दाब ठेवायचा असतो, म्हणजे कुठे धक्का लागला तर लगेच कळतं. पेटीपाशी मी उभा राहिलो आणि काट्यावर नजर ठेवायला जितेशला सांगितलं. तो म्हणाला, तुम्हीच बघा, तुम्ही नाय बघितलं तर काटा खाली येईल. पण उभा राहिला.

मशीनवाला चिंचेकडून सुरुवात करणार होता. त्याने रबरी नळी खांद्यावर घेतली, थांबला आणि मला हाक मारली. म्हणाला, मिस्त्री, या कोपऱ्यात तुमचा पाइप टाकायचा राहिलाय. मी म्हणालो, राहिला नाही. सोडलाय. त्याने विचारलं, मालकांनी सांगितलं? मी म्हणालो, नाही, मी त्यांना विचारलं.

त्याने खांदे उडवले आणि कोबा सोडला. करडा, दाट, ताकासारखा हलणारा. पहिल्यांदा तो कोपरा भरला, मग वळण, मग पाइप एकेक करून दिसेनासे होत गेले. दुपारपर्यंत चारही फेरे झाकले गेले. काटा हलला नाही. तिसरा फेरा आग्नेयेला वळसा घालून जातो आणि पेटीपासून पेटीपर्यंत त्यात कुठेही सांधा नाही.